विषय: हेज टाउनचं घर घ्यावं का?

प्रेषक: जोशी, बॅटन रूज

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे ह्यूस्टन सोडून इकडे लुइझियानात आलो, आता भाड्याच्या घराला कंटाळून स्वतःचं बघतोय. हायलंड रोडच्या बाजूला एक घर मनात भरलंय. 1970 च्या दशकातलं, जुन्या विटांचं, मागे उंच भिंतीचं अंगण. एजंट बाई दर दोन वाक्यांनी "हे ओरिजिनल हेज टाउन आहे" म्हणतात, म्हणजे इथले गाजलेले आर्किटेक्ट हेज टाउन यांनी स्वतः केलेलं, आणि त्याच आळीतल्या तेवढ्याच घरापेक्षा किंमत भलतीच चढी आहे. बायको प्रेमात पडली आहे, मी अजून आकडेमोडीत आहे. आपल्यापैकी कुणी अशा घरात राहतं का? नावाचे पैसे मोजावेत का? आणि रोजचा स्वयंपाक, पोरं, पाहुणे या सगळ्याला हे घर कसं पुरं पडतं?

आपला,
जोशी

प्रेषक: गोखले, लफायेट

जोशीबुवा,

आधी मूळ नकाशे मागा, टाउन यांच्या ऑफिसचं नाव असलेले. ते नसतील तर चढ्या किमतीचा विषय तिथेच संपला. आपल्या भागात "हेज टाउन स्टाइल" नावाची एक वेगळीच पैदास आहे. जुनी वीट, पुढे व्हरांडा, खिडकीला दोन शटर चिकटवली की झालं! त्या शटरांना हात घालून बघा. नकली घरात ती बहुधा भिंतीला स्क्रूने ठोकलेली असतात आणि मिटली तरी खिडकी झाकणार नाही इतकी अरुंद असतात.

माणूस मोठा, यात वाद नाही. जन्म 1903 चा, आमच्या शेजारच्या क्राउलीचा. टुलेन युनिव्हर्सिटीत शिकले, मग मिसिसिपीत जॅक्सनला ओव्हरस्ट्रीट या आर्किटेक्टबरोबर भागीदारी. तिथली बेली ज्युनियर हायस्कूलची 1930 च्या दशकातली इमारत कधी जमलं तर बघा. सगळं काँक्रीट, सरळसोट, त्या काळी एकदम आधुनिक. जुन्या विटेचा मागमूस नाही! त्याच सुमारास, मंदीत बेकार झालेल्या आर्किटेक्टांना सरकारने जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढायचं काम दिलं होतं. मिसिसिपीतलं ते काम टाउन यांच्याकडे होतं. माझ्या मते त्यांची खरी शाळा ती. खांब किती जाड, छपराला उतार किती, खिडकी जमिनीपासून किती वर, हे सगळं टेप लावून शिकलेला माणूस आहे हा. म्हणून त्यांच्या घरांची मापं डोळ्याला खटकत नाहीत, आणि नकलांची खटकतात.

1939 मध्ये बॅटन रूजला आले. नंतर बरीच वर्षं शाळा, ऑफिसं अशीच कामं. आपण ज्या वयात निवृत्तीचे कागद चाळतो त्या वयात, साठीच्या आसपास, ते घरांकडे वळले आणि शेकडो घरं करून गेले. 2005 मध्ये वारले तेव्हा वय 101.

लफायेटला आलात तर युनिव्हर्सिटीच्या म्युझियमच्या आवारातली त्यांची इमारत दाखवतो. डॅरोजवळच्या हर्मिटेज नावाच्या मळेवाल्याच्या वाड्याची ती प्रतिकृती आहे, 1960 च्या दशकातली.

गोखले

प्रेषक: वैद्य, बॅटन रूज

जोशी,

आम्ही राहतो. नकाशे आहेत, गोखले काकांनी विचारायच्या आत सांगते. शटरही मिटतात, वादळाची बातमी आली की मीच मिटते.

या घरांचं मर्म मालात आहे. टाउन पाडलेल्या इमारतींतला माल आणवून वापरत. आमच्या जमिनीच्या फळ्या लाँगलीफ पाइनच्या गाभ्याच्या आहेत. त्या पाइनची जुनी जंगलं केव्हाच तोडून संपली, त्यामुळे इतकं दाट लाकूड नव्याने वखारीत मिळत नाही. वर प्लास्टिकसारखं चकचकीत पॉलिश नाही, मेण आहे. म्हणजे दरवर्षी मेण लावायचं आणि घासायचं, आणि "खुर्ची उचलून ठेव" हे वाक्य दिवसभर म्हणायचं.

आता वीट, कारण तिच्यापायीच लोक फसतात. जुनी हातची वीट लाकडाच्या जाळावर भाजलेली, वरचं कवच तेवढं कडक, आतून भुसभुशीत. एका शेजाऱ्यांनी शेवाळ घालवायला मोठ्या दाबाचं पाणी मारलं. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या भिंतीतून लाल भुगा पडायला लागला. विटांमधले सांधे भरायला आजकालचा कडक सिमेंटचा मसाला वापरला तरी तीच गत. ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, मग विटेतून पडते आणि विटेचा पापुद्राच घेऊन येते. चुन्याचा मऊ मसाला हवा आणि तो करणारा गवंडी हवा. "सीलर मारून देतो", म्हणजे ओल अडवणारा लेप, असं म्हणणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवा. तुम्ही बघताय त्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, जमिनीपासून दोन फुटांपर्यंत, नख फिरवून बघा. भुगा आला तर किंमत पाडून मागा.

स्वयंपाकघर ही दुखरी बाजू. आमच्याकडे तिथे विटांचीच जमीन आहे. दिसायला सुरेख, पण हातातून काच पडली की वाचत नाही, आणि तासभर पोळ्या लाटल्या की टाचा बोलायला लागतात. हळद-तेलाचा डाग मेण असेल तर पुसला जातो, नसेल तर कायमचा. वर सायप्रस लाकडाच्या उघड्या तुळया. मूळचा एक्झॉस्ट फोडणीचा विचार करून बसवलेला नव्हता हे सांगायला नको. बोंबलाचा वास तुळईत आठवडाभर राहायचा. आम्ही बाहेर हवा टाकणारा दमदार हूड बसवला आणि मागच्या पडवीत एक जोड-शेगडी ठेवली. आता तळण, मासे सगळं बाहेर.

दुसरी गंमत म्हणजे भिंतीच नाहीत. प्रत्येक खोलीला अंगणात उघडणारे उंच काचेचे दरवाजे. उजेड मस्त येतो, पण कपाट कुठे टेकवायचं? देव्हारा शेवटी जिन्याखाली गेला. छत बारा फुटांवर, काच जुनी एकेरी. जुलै-ऑगस्टचं विजेचं बिल मी नवऱ्याला उघडू देते. कोपऱ्यात कबुतरखान्यासारखा मनोरा आहे, टाउन यांना त्याची हौस होती. त्यात कबुतर एकही नाही, गवत कापायचं यंत्र आणि गणपतीचं मखर आहे.

पण ऐका, एप्रिलमध्ये संध्याकाळी दोन्हीकडचे दरवाजे उघडले की घरातून वारा आरपार वाहतो आणि एसी बंद राहतो. खोल व्हरांड्यामुळे धो-धो पावसातही खिडक्या उघड्या ठेवता येतात. इथल्या हवेत राहायचं कसं हे त्या माणसाला कळत होतं. माझी आई मुंबईहून येते तेव्हा व्हरांड्यातून हलत नाही.

दोन गोष्टी कराच. वाळवीचा करार मागा. इथे फॉर्मोसन वाळवी आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानाबरोबर आलेली. मे महिन्यात तिन्हीसांजेला पंखवाले किडे दिव्यावर झुंडीने येतात, आम्ही त्या दिवसांत बाहेरचे दिवे लावत नाही. जुन्या सायप्रसच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, पण घरात सगळंच सायप्रस नसतं. दुसरं, पूर. ऑगस्ट 2016 मध्ये ज्यांना "इथे कधी पाणी येत नाही" असं सांगितलेलं होतं त्यांच्याही घरांत पाणी शिरलं. फ्रेंच-स्पॅनिश वसाहतीच्या वळणाची जुनी क्रिओल घरं खांबांवर उचललेली असत, आमचं जमिनीलगतच्या स्लॅबवर आहे. पुराचा विमा घराच्या विम्यात नसतो, वेगळा घ्यावा लागतो, आणि एरवी घेतला तर लागू व्हायला सहसा 30 दिवस लागतात. कर्जाच्या कागदांबरोबरच उरकून टाका.

वैद्य वहिनी

प्रेषक: पाटील, न्यू ऑर्लिन्स

सगळ्यांना नमस्कार. वहिनींचं पत्र जपून ठेवलंय. काकांना एकच विचारायचं होतं. हर्मिटेज म्हणजे उसाचा मळा आणि त्यावर राबणारे गुलाम. त्याची प्रतिकृती "सुंदर जुनी लुइझियाना" म्हणून बघताना मला अवघडल्यासारखं होतं. वॉलेसला व्हिटनी प्लांटेशन हे जुन्या मळ्यातलं म्युझियम 2014 पासून लोकांसाठी खुलं आहे, तिथे सगळी गोष्ट गुलामांच्या बाजूने सांगतात. घर बघायला जायच्या आधी किंवा नंतर तिथे एकदा जा, असं जोशींना सुचवेन.

प्रेषक: गोखले, लफायेट

पाटील, मुद्दा रास्त आहे आणि तो टाळू नये. पण टाउन यांनी सगळं मळेवाल्यांकडून उचललेलं नाही. उंच उतरत्या छपराची अकेडियन, म्हणजे कॅनडातून आलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांची घरं, न्यू ऑर्लिन्समधली स्पॅनिश वळणाची बंदिस्त अंगणं, तेही त्यात आहे. खांबांचे वाडे डोळ्यांत भरतात, म्हणून तेवढेच लक्षात राहतात.

प्रेषक: वैद्य, बॅटन रूज

आमच्या अंगणातल्या एका विटेवर तीन बोटांचे ठसे आहेत. ओली असताना कुणीतरी उचललेली. बोटं माझ्यापेक्षा बारीक, म्हणजे बाईची किंवा पोराची. कुठल्या भट्टीतली, कुणाची, कळायला मार्ग नाही. टाउन यांचं नाव नकाशावर आहे, वीट थापणाऱ्यांचं कुठेच नाही. घर बघायला येणाऱ्यांना ती वीटही दाखवते. काहींना आवडत नाही, त्याला इलाज नाही.

प्रेषक: जोशी, बॅटन रूज

मंडळी, मनापासून आभार. एजंट बाईंकडे नकाशे मागितले. "मालकांना विचारून सांगते" म्हणाल्या. आज बघतो तर जाहिरातीत "ओरिजिनल"च्या जागी "हेज टाउन इन्स्पायर्ड" आलंय, किंमत तीच. काल संध्याकाळी शटर ओढून पाहिली, चार स्क्रू आहेत प्रत्येकी. उत्तरेच्या भिंतीवर सीलरचा ताजा वास.

बायको अजून म्हणते घर छान आहे, आणि छान आहेच. आम्ही कमी किमतीचा देकार दिलाय. वहिनी, तुमच्या गवंड्याचा नंबर खाजगीत पाठवा, आणि हूड कोणत्या मापाचा घेतलात तेही.