मोनॅकोची शर्यत आणि क्रूझ एकाच फेरीत : बोट चुकणार नाही ना?

मंडळी, मदत हवी आहे. बाबांची सत्तरी मोनॅको ग्रांप्री ही फॉर्म्युला वन शर्यत बघून साजरी करायचं घाटतंय. आईला गाड्यांच्या घरघरीत काडीचा रस नाही, म्हणून तोडगा काढला : बार्सिलोनाहून चार रात्रींची क्रूझ, शर्यतीच्या रविवारी मुक्काम मोनॅकोजवळच्या विलफ्रांश या फ्रेंच बंदरात.

घोळ असा की तिथे मोठी बोट धक्क्याला लागत नाही. खाडीत नांगर टाकते आणि छोट्या होड्या किनाऱ्यावर नेतात. पुढे मोनॅकोला लोकल ट्रेन. शर्यत तीनला सुरू, ७८ फेऱ्या, म्हणजे सुरळीत झाली तर पाचच्या आत संपेल. पण लाल झेंडा पडला, म्हणजे शर्यत मध्येच थांबवली, की गणित कोलमडलं. आमची शेवटची होडी साडेसहाची! शर्यतीनंतर मोनॅको स्टेशनवर किती वेळ अडकायला होतं? कुणी स्वतः केलंय का?

दुसरं, बाबांचा गुडघा. रोशे या टेकडीच्या उतारावर बसून बघायचं तिकीट स्वस्त, पण चढण आणि दगडांत बसणं त्यांना जमेलसं वाटत नाही. बंदराजवळच्या ‘के’ नावाच्या प्रेक्षक स्टँडवरून ट्रॅकचं तबाक वळण आणि स्विमिंग पूलजवळचा भाग दिसतो, पण किंमत बघून मी लॅपटॉपच मिटला. तेवढे पैसे घालावेत का?

व्हिसासाठी बार्सिलोनात आधी दोन रात्री धरल्यात, त्यामुळे अर्ज स्पेनकडेच करायचा ना?

आणि हो, आईला तेवढ्या वेळात विलफ्रांशमध्ये एकटीनं फिरता येईल असं काही सुचवा. ती शाकाहारी आहे.