मदत हवी आहे: हरणाच्या शिकारीसाठी रायफलींचा नवा अर्ज, सही करू का?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सोयाबीनच्या शेताला लागून राहतो. इथे हरणाच्या शिकारीला आधी शॉटगन (कमी पल्ल्याची बंदूक) चालायची, रायफल नाही. २०१४ पासून सरळ काडतुसांच्या, म्हणजे ज्यांचं काडतूस तोंडाशी निमुळतं होत नाही आणि गोळी तुलनेने कमी लांब जाते, अशा रायफली (.३५७ ते .५० कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी इंचांत) चालतात. आता शेजारचे आजोबा .३०-०६ सारख्या जास्त ताकदीच्या, निमुळत्या मानेच्या काडतुसांनाही परवानगी मागणाऱ्या अर्जावर आमची सही मागतायत. नेम नीट लागतो, जनावर तडफडत नाही, हे पटतं मला. पण ती गोळी खूप लांब जाते, रान सपाट आहे, आणि मुलं कुंपणाशीच खेळतात. शिकारीच्या आठवड्यात शिकाऱ्यांना दिसावीत म्हणून त्यांना केशरी जॅकेट घालूनच बाहेर सोडते. शेजारच्या इंडियाना राज्यात २०१६ मध्ये खासगी जमिनीवर अशा रायफलींना मुभा मिळाली. तिथे शेताकडेला राहणारं कुणी आहे का इथे? काय फरक जाणवला? गुरुवारपर्यंत कळवायचंय.