पपायरसच्या पट्ट्या वाळल्यावर सुटतात, मधे डिंक लावायचा का?

प्रश्न : कुंडीतल्या पपायरसचे (जुन्या इजिप्तमधे ज्याच्यापासून लिहायची शीट करायचे ते पाणगवत) दांडे कापून शीट करून बघितलं. हिरवी साल काढली, आतल्या पांढऱ्या गराच्या पट्ट्या केल्या, एक थर उभा एक आडवा लावला, वरून लाटणं फिरवलं आणि उन्हात ठेवलं. संध्याकाळी बघते तर सगळ्या पट्ट्या वळून सुट्या. इजिप्तमधे डिंक लावायचे का? आणि ह्याला कागदच म्हणतात ना?

उत्तर : डिंक नको, उन्हात ठेवलंत तिथे गडबड झाली. पट्ट्या दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा, मग लाटण्याने पाणी काढून एकीची कड दुसरीवर जराशी चढवून लावा, खाली-वर कोरडी फडकी आणि चांगलं जड वजन, फडकी ओली झाली की बदलायची आणि शीट पूर्ण वाळेपर्यंत वजन हलवायचं नाही. दाबाखाली वाळतात म्हणूनच थर एकमेकांना धरतात. खळ लागायची ती तयार शीट एकापुढे एक जोडून गुंडाळी करताना. प्लिनी ह्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहिलंय, पिठाची खळ, आणि एका गुंडाळीत 20 पेक्षा जास्त शीट नाहीत.

उत्तर : आधी झाड तेच आहे ना बघा. अंब्रेला प्लांटलाही लोक पपायरस म्हणतात, पण त्याच्या डोक्यावर छत्रीच्या काड्यांसारखी चपटी पानं असतात. खऱ्या पपायरसचा दांडा तीनधारी आणि वर केसांसारखा बारीक झुपका. दोन्ही नागरमोथ्याच्याच कुळातली.

उत्तर : कागद नाही म्हणता येणार. कागदासाठी धागे कुटून लगदा करतात, इथे गर कापून नुसता दाबायचा, पेपर हा शब्द मात्र पपायरसवरूनच आला. आणि टिकतो किती बघा, 2013 मधे तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली, इजिप्तच्या खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तुरा नावाच्या गावच्या खाणीतून गिझाला होडीने चुनखडी नेल्याच्या नोंदी, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या! कोरडी हवा म्हणून राहिलं, दमट जागी कधीच कुजलं असतं.

प्रश्नकर्ती : दांडा तीनधारीच आहे, झुपकाही तसाच. पट्ट्या आत्ताच भिजत घातल्या. त्या मेररने लिहिलं कशाने?

उत्तर : काजळीच्या शाईने, लव्हाळ्याची काडी टोकाला चावून कुंचल्यासारखी करायचे. तुमचा डिंक तिथे लागायचा, शाईत.