निवासी नेतृत्व शिबिरात कमी बोलणाऱ्याने कसे वागावे?

प्रश्न (नवा विद्यार्थी):
व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मी नुकताच प्रवेश घेतला असून, अध्यापन सुरू होण्यापूर्वी नेतृत्व आणि संवादकौशल्याचे निवासी शिबिर सर्वांना सक्तीचे आहे. वेळापत्रकात गटखेळ, चंद्रावर अडकलेल्या पथकाचा सराव, व्यक्तिमत्त्व चाचणी आणि शेवटी परस्परांना अभिप्राय देण्याचे सत्र आहे. मी मुळात मितभाषी आहे आणि अशा ठिकाणी जो आधी व मोठ्याने बोलतो तोच नेता ठरतो, अशी मला धास्ती वाटते. काही पूर्वतयारी करता येईल का? तसेच चाचणीचा निकाल सर्वांसमोर सांगण्याचा आग्रह झाला, तर तो मान्य करावा का?

उत्तर १ (शिबिर संचालक):
चंद्राचा सराव जुना आहे आणि बहुतेक संचालकांच्या पोतडीत तो असतोच. पथकाजवळ 15 वस्तू उरल्या आहेत, त्यांचा महत्त्वानुसार क्रम प्रत्येकाने आधी एकट्याने लावायचा, मग गटाने चर्चा करून एकच क्रम ठरवायचा, आणि दोन्ही याद्या तज्ज्ञांच्या क्रमाशी ताडून पाहायच्या. प्राणवायूच्या टाक्या सर्वांत वर आणि काडेपेटी सर्वांत खाली, एवढे सांगितल्याने सरावाची गंमत जाणार नाही. चंद्रावर हवाच नसल्याने काडी पेटणार नाही, हे थोडा विचार केल्यावर कोणालाही सुचते. उत्तरे पाठ करून येणारे विद्यार्थी मात्र स्वतःचेच नुकसान करून घेतात.

आम्ही पाहतो ते निराळेच. गटाची यादी सदस्यांच्या सरासरीपेक्षा सहसा चांगली येते, परंतु गटातील सर्वांत अचूक सदस्याच्या यादीपेक्षाही ती चांगली आली का, हा खरा प्रश्न असतो. ती आली नसेल, तर अचूक उत्तर टेबलावर असूनही गटाने ते ऐकले नाही, असा त्याचा अर्थ होतो, आणि पुढची चर्चा त्यावरच रंगते. त्यामुळे 'ज्यांचा क्रम वेगळा आहे, त्यांनी आधी कारण सांगावे' असे एखादेच वाक्य योग्य वेळी उच्चारणारा सदस्य माझ्या टिपणवहीत अखंड बोलणाऱ्याच्या वर असतो.

उत्तर २ (द्वितीय वर्ष):
तयारी करायचीच असेल, तर अभिप्रायाच्या सत्राची करावी, कारण बहुतेक जण तिथेच अडखळतात. 'तू छान बोललीस' किंवा 'तू हेकट आहेस' ही वाक्ये ऐकणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नसतात. प्रसंग, वर्तन आणि परिणाम या क्रमाने बोलावे, उदाहरणार्थ: 'वस्तूंचा क्रम ठरवताना तुम्ही मला दोनदा मध्येच थांबवले, त्यानंतर मी माझा मुद्दा मांडलाच नाही.' यात स्वभावावर शेरा नाही, त्यामुळे समोरच्याला बचावाला उभे राहावे लागत नाही. आपल्यावर अभिप्राय येईल तेव्हा स्पष्टीकरण देण्याचा मोह आवरून फक्त लिहून घ्यावे आणि शंका असेल तर उदाहरण मागावे.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी 1955 मध्ये मांडलेली जोहरी खिडकी, म्हणजे स्वतःविषयी आपल्याला व इतरांना काय ठाऊक आहे हे चार चौकोनांत दाखवणारी आकृती, तिथे हमखास दाखवली जाते. इतरांना दिसणारा पण आपल्याला न दिसणारा आपला भाग हा तिचा एक चौकोन. अभिप्राय त्यासाठीच घ्यायचा असतो. आपण झाकून ठेवलेला भाग किती उघडायचा, हे मात्र आपणच ठरवायचे. नव्या ओळखीत घरच्या अडचणी सांगितल्याच पाहिजेत, असा दबाव कोणी आणू नये.

उत्तर ३ (प्राध्यापक):
चाचणीच्या निकालाबाबत मी अधिक परखडपणे लिहितो. माणसांना चार-चार अक्षरांच्या नावांच्या 16 प्रकारांत विभागणारी मायर्स-ब्रिग्स चाचणी शिबिरांत लोकप्रिय असली, तरी काही आठवड्यांनी ती पुन्हा दिल्यास अनेकांचा प्रकार बदलतो. तेव्हा चार अक्षरांवरून स्वतःला किंवा सहाध्यायाला पारखू नये. निकाल जाहीर करण्यास सभ्य शब्दांत नकार द्यावा, त्यात गैर काहीच नाही.

मितभाषी असण्याविषयी एक आधारही देतो. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी 1987 मध्ये दाखवून दिले, की एकत्र बसून मोठ्याने कल्पना मांडणाऱ्या गटापेक्षा तेवढ्याच माणसांनी वेगवेगळे विचार करून जमवलेल्या कल्पना संख्येने अधिक भरतात, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे बोलण्याच्या पाळीची वाट पाहताना सुचलेले निसटून जाते. म्हणून चर्चेआधी दोन मिनिटे शांतपणे लिहिण्याची सूचना आपण करावी. तिला सहसा विरोध होत नाही.

नवा विद्यार्थी:
मनःपूर्वक आभार. तरीही दोघेच वाद घालत राहिले आणि वेळ संपत आला, तर काय करावे?

उत्तर १ (शिबिर संचालक):
उठून फळ्याशी जावे आणि दोघांचे मुद्दे दोन रकान्यांत लिहू लागावे. स्वतःचा मुद्दा लिहिलेला दिसला, की तोच पुन्हा पुन्हा सांगण्याची गरज वाटत नाही. शिवाय खडू आपल्या हातात असल्याने 'आणखी कोणाचे काही?' असे विचारणे ओघानेच आपल्याकडे येते. तिसरा रकाना त्यासाठी आधीच आखून ठेवावा.