ओरिएंटेशन, रिफ्रेशर, एफडीपी : तुमचे अनुभव लिहा

खडूफळा

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर बातमी आली. आमच्या विभागात नव्याने रुजू झालेल्या मुलीची फॅकल्टी इंडक्शनला, म्हणजे नव्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला, निवड झाली. प्राचार्यांनी अभिनंदन केलं आणि मग दिवसभर फुलांचे गुच्छ येत राहिले. दुपारी स्टाफरूममध्ये भेटली तर म्हणाली, "मॅडम, ऑनलाइनच आहे, घरूनच करायचंय." आणि मला एकदम १९९८चं माझं ओरिएंटेशन आठवलं, याच प्रशिक्षणाचं जुनं नाव.

हे कोर्स जिथे व्हायचे त्या केंद्राला तेव्हा ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज म्हणायचे. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर ही केंद्रं निघाली, पुढे एचआरडीसी (ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर) झाली, आता मालवीय मिशनची केंद्रं आहेत. चार आठवडे घर सोडून राहायचं. मुलगा तान्हा नव्हता, पण हात सोडत नव्हता अशा वयाचा. सासूबाई म्हणाल्या, "तू जा गं, मी आहे ना." त्या एका वाक्यावर मी पुण्याची एसटी पकडली.

बॅचमध्ये संस्कृतचे सर, लॉचे सर, वनस्पतिशास्त्राच्या बाई, जिमखान्याचे सर, सगळे एकत्र. माझी रूम पार्टनर परभणीची, गणिताची. मायक्रो टीचिंगला दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा आणि विद्यार्थी म्हणून समोर बाकीचे प्राध्यापक. तिने गणितातलं 'लिमिट' घेतलं, म्हणजे एखादी संख्या एका किमतीच्या हवी तितकी जवळ जात राहते ती कल्पना. वर्तमानपत्राची एक पट्टी घेतली, अर्धी फाडली, उरलेली पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. शेवटी नखाएवढा कपटा लॉच्या सरांच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "संपली का?" सर म्हणाले, "नाही, पण संपत आली." ती म्हणाली, "झालं, एवढंच आहे." मी भूगोलवाली, मला ते आजही जसंच्या तसं दिसतं.

आणखी एक गोष्ट तिथून आणली ती अजून वापरते. प्रश्न विचारला की तीन सेकंद थांबायचं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी वर्गांच्या टेप ऐकून दाखवून दिलं होतं की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी येतात आणि एरवी गप्प असणारी पोरंही बोलतात. खरंच बोलतात हो!

ऑनलाइनमुळे लेकुरवाळ्या बायकांची मोठी सोय झाली, हे मला मनापासून मान्य आहे. पण परक्या विषयाच्या माणसासोबत राहणं, त्याचा पाठ बघणं, रात्री मेसमध्ये त्यावर वाद घालणं, हे नव्या पोरांनाही मिळायला हवं असं फार वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. कोर्स, फेलोशिप, ट्रेनिंग, प्रमोशन, स्टाफरूमच्या बातम्या, काहीही चालेल. शिक्षकेतर मंडळींनीही लिहा.

समरहिल

वाचतेय!! माझा शिमल्याचा आहे. कुकर लावलाय, रात्री लिहिते.

डायोड

मी फिजिक्सचा. ओरिएंटेशन ठीकठाक झालं होतं, पण माझं आयुष्य बदललं ते प्रायोगिक भौतिकशास्त्राच्या रिफ्रेशरने, म्हणजे आपल्याच विषयाच्या उजळणी कोर्सने. विज्ञान अकादमींचा कोर्स, प्रा. आर. श्रीनिवासन यांनी बसवलेले प्रयोग आणि त्यांचं किट. दोन आठवडे व्याख्यानं कमी आणि हात चालवणं जास्त. साधा सिलिकॉन डायोड घ्यायचा, ठरावीक करंट सोडायचा आणि तापमान वाढवत न्यायचं. दर अंशाला व्होल्टेज साधारण दोन मिलिव्होल्टने उतरत जातो. म्हणजे बाजारात किरकोळ किमतीला मिळणाऱ्या डायोडचा थर्मामीटर होतो. ग्राफवर सरळ रेष आली तेव्हा आम्ही पन्नाशीतली माणसं शाळकरी पोरांसारखी एकमेकांना दाखवत होतो.

परत आल्यावर टी.वाय.च्या पोरांना हाच प्रयोग दिला. जर्नलमधली जुनी रीडिंग उतरवायची सोयच राहिली नाही, प्रत्येकाचा डायोड वेगळा.

नंतर आयुकाचा, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेचा, व्हिजिटिंग असोसिएट झालो. तालुक्याच्या कॉलेजातल्या माणसाला मोठ्या संस्थेत जाऊन बसता येतं, लायब्ररी वापरता येते, तिथल्या लोकांशी बरोबरीने बोलता येतं. विद्यापीठं आणि कॉलेजांतल्या शिक्षकांसाठीच ती संस्था १९८८मध्ये उभी राहिली आणि नारळीकर सरांनी तो हेतू कधी सुटू दिला नाही. अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइनचे पुतळे आहेत, तिथे चहा घेऊन बसायचो. २०२५मध्ये सर गेल्याचं कळलं त्या दिवशी वर्गात अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि तासभर त्यांच्याबद्दलच बोललो.

परसबाग

डायोड सर, शेवटचं वाचून डोळे भरून आले.

तासिका

मी लिहू की नको असं दोनदा झालं. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, आहे. नेट परीक्षा पास आहे, पीएच.डी. आहे, इतिहास शिकवते.

ग्रुपवर अभिनंदनाची बातमी आली की मीही गुच्छ टाकते आणि तो खरा असतो, सोबतच्या माणसाचं चांगलं झालं की बरंच वाटतं. पण रिफ्रेशरचं पत्रक आलं की ते आमच्यासाठी नाहीच असं धरून चालतात. आम्हाला कर्तव्य रजा नाही. तास बुडला की त्याचे पैसे गेले. सत्र संपलं की नेमणूक संपली, जूनमध्ये परत मुलाखत. लॉकडाऊनमध्ये तासच नव्हते, तेव्हाचं काय सांगू.

तरी त्या काळात मी मोडी शिकले. घरी बसून, फोनवर, एका निवृत्त बाईंकडून. सुरुवातीला ओळ कुठे सुटते तेच कळायचं नाही, कारण अक्षरं एकमेकांत गुंतलेली आणि लेखणी न उचलता लिहिलेली. आता पेशवेकालीन कागद हळूहळू वाचता येतो. यंदा एस.वाय.च्या मुलांसमोर एका पत्राची प्रत ठेवली आणि पहिली ओळ त्यांच्याकडून लावून घेतली. या कशाचंच प्रमाणपत्र माझ्याकडे नाही, पण माझ्या शिकवण्यातला सगळ्यात मोठा बदल हाच.

खडूफळा

@तासिका, लिहिलंत ते फार बरं केलंत. धागा काढताना मी फक्त कायम नोकरीचा विचार करत होते, तुमच्यामुळे तो पुरा झाला.

वऱ्हाडी

तासिका ताई, मोडीचं लय भारी. आमच्या घरी आज्याच्या पेटीत मोडी कागद हायेत जमिनीचे. कोणी वाचून देणारं भेटत नाही. फोटो पाठवू का?

तासिका

पाठवा दादा, नक्की बघते. घड्या पडल्या असतील तर दाबून सरळ करू नका, कागद तुटतो. आहे तसा उजेडात ठेवून फोटो काढा.

कॅटलॉग

लायब्रेरियनसुद्धा प्राध्यापकांसारखेच रिफ्रेशर करतात, हे अर्ध्या स्टाफरूमला माहीत नसतं. 😀 माझ्या कोर्समध्ये आम्हाला सोल हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर शिकवलं, यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं. तोवर आमच्याकडे लाकडी कपाटातली कार्डं. एक पुस्तक म्हणजे लेखकाचं कार्ड, शीर्षकाचं कार्ड, विषयाचं कार्ड. परत येऊन डेटा एंट्री सुरू केली तेव्हा आमचे शिपाईमामा शेजारी बसून दाखल क्रमांक वाचून दाखवायचे. इतकी वर्षं पुस्तकं हाताळल्यामुळे त्यांना कुठलं पुस्तक कोणत्या फडताळात आहे ते कॉम्प्युटरच्या आधी माहीत!

एन-लिस्टबद्दल सांगते, कारण खूप जण वापरतच नाहीत. तुमचं कॉलेज सभासद असेल तर लायब्ररीतून लॉगिन मिळतं आणि घरबसल्या हजारो जर्नल्स आणि ई-पुस्तकं वाचता येतात. लायब्ररीत जाऊन मागा. आम्ही वाट बघत असतो.

समरहिल

आले. मुलं झोपली.

मे महिना, रिफ्रेशर, हिमाचल विद्यापीठ. कालकाहून छोट्या गाडीने समरहिलला उतरलो. आम्ही महाराष्ट्रातले पाच-सहा जण होतो, लातूर, सांगली, चंद्रपूर असे कुठून कुठून. घरी पारा चाळिशीच्या वर आणि इथे स्वेटर! मेसमध्ये राजमा-चावल, छोले, परत राजमा. दुसऱ्या आठवड्यात लातूरच्या ताईंनी बॅगेतून डाळीचं पीठ आणि लसणाची चटणी काढली. मेसच्या भय्यांना विनंती करून पिठलं केलं. ओडिशाचे एक सर तीनदा वाढून घेऊन गेले आणि त्यांच्याकडे बेसनाचं काय करतात ते सांगत बसले. माकडांनी मात्र आमची चपातीची चळत पळवली.

अभ्यासाचंही सांगते, नाहीतर सहलच वाटेल. इंग्रजी शिकवते मी. ग्रामीण मुलांना इंग्रजी कसं शिकवायचं यावर आसाम, बिहार, तामिळनाडू सगळीकडचे शिक्षक बोलले. प्रत्येकाची मुलं घरी वेगळीच बोली बोलणारी. चंद्रपूरचे सर आधी मुलांना त्यांच्या गोंडीत गोष्ट सांगायला लावायचे, मग वर्गाने मिळून ती इंग्रजीत करायची. मी ते अहिराणीत करून पाहिलं. जी मुलं तोंड उघडत नव्हती ती शब्दासाठी भांडायला लागली. "मॅडम, याला इंग्रजीत शब्दच नाही!"

परसबाग

पिठल्यात लसणाची चटणी घातली की वरून घेतली?

समरहिल

वरून! आणि कच्चं तेल. भाकरी नव्हती एवढंच दुःख.

मस्टर

मी ऑफिसात आहे, सीनियर क्लार्क. वर शिक्षकेतरांनी लिहा म्हटलंय म्हणून लिहितो. आमचं प्रशिक्षण म्हणजे मराठी टायपिंग ३०, इंग्रजी ४० आणि एमएस-सीआयटी. त्यानंतर जे काय आलं, ऑनलाइन प्रवेश, शिष्यवृत्तीचं पोर्टल, सेवार्थ या सरकारी प्रणालीतून पगार, ते आम्ही एकमेकांना फोन करून शिकलो. शेजारच्या तालुक्यातले एक भाऊसाहेब रात्री नऊला फोन उचलायचे आणि स्क्रीनवर काय दिसतंय ते विचारत विचारत फॉर्म भरून घ्यायचे. कोणी नेमलं नव्हतं त्यांना.

गेल्या वर्षी विद्यापीठाने शिक्षकेतरांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. सेवापुस्तक, वेतननिश्चिती आणि पेन्शन केस. आमच्या प्रयोगशाळा परिचरांना पहिल्यांदा कोणी नीट बसवून सांगितलं की ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि का. ते सवयीने बरोबरच करत होते, पण कारण कळल्यावर घरी जाऊन पोराला समजावलं म्हणे. दरवर्षी व्हावी अशी माझी कळकळीची मागणी आहे.

कॅटलॉग

मस्टर भाऊ, शंभर टक्के. ऑफिस चालतं म्हणून आमची फाईल चालते.

जुईची_मुलगी

मी शिक्षक नाही, आई होती. ती ओरिएंटेशनला गेली तेव्हा मी चौथीत. बाबा वेणी घालायला शिकले, पहिले काही दिवस शाळेत बाई पुन्हा सोडून घालायच्या. रात्री एसटीडीचे दर उतरले की बूथवर रांगेत उभे राहायचो. आई विचारायची, "काय खाल्लंस?" आणि मी सांगायचे, "वेणी आज सरळ आलीय." ती परत आली तेव्हा फार आनंदात होती, एवढं पक्कं आठवतं. घरात तिला टेबल मिळालं ते त्यानंतर. बाबांनीच आणलं.

खडूफळा

@जुईची_मुलगी, तुमचा प्रतिसाद मुलाला पाठवला. "मला तर आजीने मस्त ठेवलं होतं," असं उत्तर आलंय. 😊

नवाकोरा

मॅडम, मध्येच विचारतो, सॉरी. माझं लेव्हल १० ते ११ हे वेतनश्रेणीचं प्रमोशन ड्यू आहे, पीएच.डी. आहे. एक आठवड्याच्या दोन एफडीपी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम) चालतात का? ऑफिसात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

खडूफळा

२०१८च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे त्यासाठी पीएच.डी. असल्यास चार वर्षं नोकरी, एम.फिल.ला पाच, दोन्ही नसल्यास सहा. ओरिएंटेशन म्हणजे आताचं इंडक्शन हवंच. दोन आठवड्यांच्या एका कोर्सऐवजी एकेक आठवड्याचे दोन चालतात असं त्यात लेव्हल ११ ते १२साठी लिहिलंय. तुमच्या टप्प्याचा परिच्छेद स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका. आणि कार्यमुक्तीचं पत्र, रुजू झाल्याचं पत्र, प्रमाणपत्र, तिन्ही एकत्र ठेवा. सहसंचालक कार्यालयात तेच मागतात.

नवाकोरा

खूप आभार. आजच प्रिंट काढतो.

खडूफळा

आणि @तासिका, तुमचं वाचल्यापासून जुन्या फाईली उलगडत बसले होते. बाराव्या पंचवार्षिक योजनेतल्या यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की किमान तीन शैक्षणिक सत्रं शिकवलेल्या अर्धवेळ, हंगामी आणि कंत्राटी शिक्षकांनाही ओरिएंटेशन-रिफ्रेशरला बसू देता येतं. आजचा नियम केंद्रालाच विचारावा लागेल, पण "तुमच्यासाठी नाहीच" असं कोणी म्हणालं तर हे पान पुढे करा. रजेचं प्राचार्यांशी बोलायला मी येते सोबत, तुमचं कॉलेज कुठलंही असो.

तासिका

मला हे कोणीच सांगितलं नव्हतं मॅडम. माझी तीन सत्रं केव्हाच झालीत. ते पान पाठवाल का? इतिहासाचा रिफ्रेशर दिवाळीनंतर कुठे आहे, कोणाला माहीत आहे का?

डायोड

आमच्या इतिहासवाल्यांना विचारून उद्या सकाळी कळवतो.

वऱ्हाडी

ताई, फोटो पाठवले. तिसऱ्यात वरचा कोपरा उंदराने खाल्लेला हाय.