यकृत डावीकडे दिसतंय: शरीरच तसं की छापताना चित्र उलटलं?

प्रश्न:
अठराव्या शतकातल्या, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या एका चित्राचा स्कॅन बघतोय. समोरून उघडलेलं धड आहे. यकृत शवाच्या डाव्या बाजूला, प्लीहा उजवीकडे, हृदयाचं टोकही उजवीकडे. हा साइटस इन्व्हर्सस (जन्मतःच अवयवांची डावी-उजवी जागा उलट असणं) धरायचा का? खुणेची अक्षरं सुलट आहेत, म्हणजे चित्रही सुलटच असणार ना?

प्रतिसाद १:
अक्षरांवरून एवढंच ठरतं की स्कॅन उलटा झालेला नाही. पत्र्यावर कोरलेलं कागदावर आरशातल्यासारखं उमटतं, म्हणून अक्षरं मुद्दाम उलटी कोरावीच लागतात. चित्राचं तसं नाही. रेखाटन जसंच्या तसं पत्र्यावर घेतलं की छापात डावं-उजवं बदललंच. ते टाळायचं तर तेलकट पारदर्शक कागदावर ट्रेस करून तो कागद पत्र्यावर पालथा घालायचा, नाहीतर चित्र आरशात बघत कोरायचं. दुसऱ्याच्या पुस्तकातून घाईने नक्कल करणारे नेमकी हीच पायरी गाळत. तुमच्याकडचं चित्र नक्कल असेल तर आधी मूळ आवृत्ती शोधा.

प्रतिसाद २:
अवयव तपासत बसून इथे हाती काही लागणार नाही. संपूर्ण साइटस इन्व्हर्सस म्हणजे आरशातलंच शरीर: महाधमनीची कमान, अपेंडिक्स, फुप्फुसांचे खंड, सगळं एकदम पलटतं. उलट्या छापातही नेमकं तेच होतं. गोंधळ अर्धवट असेल तर गोष्ट वेगळी. एरवी हृदयाचं टोक डावीकडे आणि यकृत उजवीकडे असतं; दोन्ही एकाच बाजूला, अशी सरमिसळ निरोगी शरीराचं चित्र उलटून कधीच तयार होत नाही; तिथे विकृती खरी. तुमच्या चित्रात मात्र सगळंच पलटलंय आणि ही अवस्था साधारण 10,000 जन्मांत एकदा आढळते, त्यामुळे पहिला संशय छपाईवरच घ्यावा. निकाल मजकुरावरून लावायचा. ब्रिटिश वैद्य मॅथ्यू बेली यांनी 1788 साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात असा देह शब्दांत नोंदवला, छापताना चित्र पलटतं, वाक्य पलटत नाही.

प्रश्नकर्ता:
चित्राखाली लॅटिनमध्ये खुणांची यादी आहे. तिचा उपयोग होईल?

प्रतिसाद २:
होईल, सगळ्यात जास्त तिचाच. ‘डेक्स्टर’ म्हणजे उजवं, ‘सिनिस्टर’ म्हणजे डावं, आणि तेही शवाचं, बघणाऱ्याचं नव्हे. एरवी उजव्या फुप्फुसाला तीन खंड असतात, डाव्याला दोन. यादीत ‘उजवं फुप्फुस’ म्हटलेलं अक्षर शोधा. ते चित्रात शवाच्या डाव्या बाजूला, तीन खंडांच्या फुप्फुसावर असेल, तर चित्र छापताना उलटलंय. ते उजव्या बाजूलाच, पण दोनच खंडांच्या फुप्फुसावर असेल, तर काढणाऱ्याने पाहिलेलं शरीरच तसं होतं.