स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर: ट्रायलच्या आधी काय तयारी करावी? सल्ला हवा आहे

गोदाकाठ
मंडळी नमस्कार. धागा नवऱ्यासाठी काढतेय. वय ५४, मुक्काम नाशिक. एल४-एल५ या कमरेच्या मणक्यांची दोन ऑपरेशनं झाली. रिपोर्ट म्हणतो मणका आता व्यवस्थित आहे, पण डावा पाय कमरेपासून टाचेपर्यंत जळतो तो जळतोच. प्रीगॅबॅलिन, टॅपेंटाडॉल, एपिड्युरल इंजेक्शनं, सगळं करून झालं. रात्र रात्र गॅलरीत येरझाऱ्या घालतो. मुंबईच्या पेन क्लिनिकमध्ये आता स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर सुचवलाय, म्हणजे मज्जारज्जूजवळ तारा घालून बॅटरीच्या डबीतून सौम्य वीज सोडायची, की दुखणं कमी जाणवतं. आधी आठवडाभराची ट्रायल, गुण आला तर कायमचं यंत्र.

अडचणी अशा: मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४. स्टेंट आहे, रक्त पातळ ठेवायच्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या चालू. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. विमा आहे, पण एजंट फोन उचलत नाही.

डॉक्टर चांगले आहेत, समजावूनही सांगितलं, पण दहा मिनिटांत डोक्यात किती शिरणार? ट्रायलआधी काय तयारी करायची, काय काय विचारून घ्यायचं, चार्जिंगचं यंत्र बरं की बिनचार्जिंगचं? स्वतः केलंय किंवा घरात कुणाचं झालंय त्यांनी जरूर लिहा. सासूबाईंनी "पाठीत करंट सोडणार" एवढंच ऐकलंय आणि देव पाण्यात ठेवलेत.

कोल्हापुरी_साज
ताई, माझ्या पाठीत हे यंत्र आहे. पाऊल मोडल्यानंतर सीआरपीएस (इजा बरी होऊनही न थांबणारं तीव्र दुखणं) झाला होता, त्यासाठी बसवलं. सासूबाईंना सांगा, शॉक वगैरे काही नसतो. माझ्या यंत्राने पायात हलक्या मुंग्या येतात. काही नव्या प्रकारांत तेही जाणवत नाही.

सगळे जण कायमच्या ऑपरेशनची तयारी करतात आणि ट्रायलला 'नुसती टेस्ट' समजून जातात. माझ्या मते खरा निर्णय ट्रायलमध्येच होतो, तेव्हा तयारी तिचीच करा. दुखणं निम्म्याने तरी कमी झालं पाहिजे असा डॉक्टरांचा साधारण निकष असतो. पण शेवटच्या दिवशी "किती टक्के फरक?" असं विचारल्यावर माणूस काय सांगणार? समोर डॉक्टर, बाजूला यंत्राच्या कंपनीचा माणूस, एवढा खर्च झालेला. भिडेखातर "बरं वाटतंय" म्हणून मोकळा होतो.

म्हणून आत्तापासून एक वही करा. किती मिनिटं उभं राहता येतं, कुठपर्यंत चालवतं, रात्री किती वेळा जाग येते, गोळ्या किती लागतात, एवढंच रोज लिहायचं. आणि ट्रायलमध्ये करून बघायची दोन-तीन कामं आधीच ठरवा. माझ्या डॉक्टरांनी मला ठरवायला लावली होती. माझी होती ओट्याशी उभं राहून सगळ्या पोळ्या लाटणं आणि रात्री पावलावर चादर सहन होणं. चादर सहन झाली. पोळ्या अर्ध्याच झाल्या, पण त्याआधी दोनसुद्धा होत नव्हत्या. तेवढ्यावर मी हो म्हटलं. ट्रायलमध्ये नुसतं पडून राहिलं तर दुखणं तसंही कमी वाटतं, त्यावरून काहीच कळत नाही. उलट उत्साहाच्या भरात कपाटं आवरायला घेतली तर तार सरकते. पाठीतून बाहेर आलेल्या तारा चिकटपट्टीने लावलेल्या असतात आणि डबी कमरेच्या पट्ट्याला. वाकणं, कंबर पिळणं, वजन उचलणं, हात डोक्यावर ताणणं सगळं बंद. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचं, ड्रेसिंगला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. पुढून बटणांचे शर्ट काढून ठेवा. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा.

ट्रायलचे दिवस शक्यतो मुंबईतच कुणाकडे तरी राहा, लिफ्ट असेल अशा ठिकाणी. त्या दिवसांत यंत्राचा प्रोग्रॅम (विजेची सेटिंग) बदलायला जावं लागतं आणि कसारा घाटातून हेलपाटे घालणं त्या पाठीला झेपायचं नाही.

बधिरीकरण
मी भूलतज्ज्ञ, वेदनाचिकित्सा करतो. धाग्यावर निदान होत नाही, तेव्हा हे फक्त तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं त्यासाठी.

पहिली गोष्ट क्लोपिडोग्रेल. तारा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत, म्हणजे एपिड्युरल स्पेसमध्ये सरकवतात. तिथे रक्त साठलं तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर तातडीचं ऑपरेशन लागतं. म्हणून क्लोपिडोग्रेल साधारण सात दिवस आधी बंद करतात, ॲस्पिरिनबद्दलही विचार होतो. लोकांच्या लक्षात येत नाही ते पुढचंच: ट्रायलमध्ये तारा आठवडाभर आत असतात आणि काढतानाही तोच धोका असतो. म्हणजे गोळी एक आठवडा नाही, जवळपास दोन आठवडे बंद. स्टेंट कधी बसवला, कोणत्या प्रकारचा, हे इथे फार महत्त्वाचं. हृदयरोगतज्ज्ञांकडून हे लेखी घ्या, पेन क्लिनिकला द्या आणि दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. प्रीगॅबॅलिनसुद्धा एकदम तोडायची नसते.

दुसरं, साखर. शरीरात बाहेरची वस्तू बसवायची म्हणजे संसर्गाची भीती. एकदा डबीसाठी कातडीखाली केलेल्या खिशात पू झाला की बहुतेक वेळा सगळं यंत्र काढावं लागतं. ८.४ असताना मी तरी कायमच्या यंत्राची घाई करणार नाही. तंबाखू, मिश्री, सिगारेट असेल तर आजच बंद. किडका दात, लघवीचा संसर्ग, पाठीवरचं गळू, पायाची जखम असेल तर आधी सांगा. पाठीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, सूक्ष्म जखमा होतात.

तिसरं, पालथं झोपण्याचा सराव. तारा बसवताना पोटाखाली उशी घेऊन पालथं पडायचं असतं, आणि बऱ्याचदा पेशंटला अर्धवट जागं ठेवून "मुंग्या कुठे येतात?" विचारतात. पायाच्या दुखण्यासाठी तारेचं टोक पाठीच्या आठव्या ते दहाव्या मणक्याच्या आसपास ठेवतात, म्हणून वरच्या पाठीचाही एमआरआय मागतील. "कंबर दुखते, पाठीचा कशाला?" म्हणून तो टाळू नका.

शंकासुर
बोलणार नव्हतो, पण सगळं एकाच बाजूचं चाललंय. २०२३मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) कंबरदुखीसाठीच्या स्टिम्युलेटरचा आढावा घेतला, १३ चाचण्या, ६९९ रुग्ण. निष्कर्ष असा की चाचण्यांबाहेर हे वापरायला उपलब्ध पुराव्याचा आधार नाही. त्याच्या आदल्या वर्षी नॉर्वेमधली चाचणी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आली. मणक्याच्या ऑपरेशननंतर पाय दुखणारे ५० रुग्ण, सगळ्यांना यंत्र बसवलेलं, ते आळीपाळीने चालू आणि बंद. रुग्णांना माहीत नाही कधी काय. रोजच्या हालचालींत फरक दिसला नाही. लाखो रुपये घालण्याआधी हे डॉक्टरांसमोर ठेवा आणि उत्तर मागा.

बधिरीकरण
शंकासुर, मुद्दा रास्त आहे आणि गोदाकाठ यांनी तो जरूर विचारावा. भर एवढीच: नॉर्वेच्या चाचणीत 'बर्स्ट' (झटक्या-झटक्यांनी वीज सोडण्याची पद्धत) ही एकच लहर वापरली होती. २००७च्या 'प्रोसेस' चाचणीत ऑपरेशननंतर मुख्यतः पाय दुखणारे १०० रुग्ण होते. सहा महिन्यांनी पायदुखी निम्म्याने कमी झालेले यंत्राच्या गटात ४८ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात ९ टक्के. पण तिथे खोट्या यंत्राशी तुलना नव्हती, तेव्हा त्यातलं किती यंत्राचं आणि किती आशेचं हे वेगळं काढता येत नाही. माझ्या अनुभवात नुसत्या कंबरदुखीपेक्षा पायातली जळजळ जास्त दाद देते. आणि १०० टक्के दुखणं जाईल असं कुणी म्हणालं तर दुसरा डॉक्टर बघा.

यॉर्कशायरवाले_काका
इकडे ब्रिटनमध्ये नाइसने (कोणते उपचार सरकारी सेवेत द्यायचे ते ठरवणारी संस्था) २००८मध्ये मान्यता दिली ती अटींसह. दुखणं नसांचं हवं, १००पैकी किमान ५० तीव्रतेचं, नेहमीचे उपचार करूनही सहा महिने टिकलेलं, आणि ट्रायल यशस्वी. माझ्या बायकोच्या वेळी आधी मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं. ती भडकली, "म्हणजे माझं दुखणं मनाचं का?" तसं नसतं हो. नैराश्य, झोप, गोळ्यांची सवय, अपेक्षा हे सगळं आधी बघतात, कारण ते तसंच राहिलं तर यंत्र चालूनही माणूस सुखी होत नाही. भारतात कुणी स्वतःहून पाठवलं नाही तर मागून घ्या.

गोदाकाठ
किती मनापासून लिहिताय सगळे! वही कालपासून सुरू केली. त्याने पहिल्याच पानावर "दुखतंय" एवढंच लिहिलं, मग मी मिनिटं लिहायला लावली. तंबाखू नाही, पण पायाला भेग आहे, ती दाखवते. चार्जिंगचं राहिलं. आणि विम्याचं कुणी सांगेल का?

कोल्हापुरी_साज
चार्जिंगचं यंत्र साधारण दहा वर्षं किंवा जास्त जातं, बिनचार्जिंगचं वापरानुसार काही वर्षांत संपतं. मग तारा ठीक असतील तर फक्त डबी बदलायचं छोटं ऑपरेशन. पण चार्जिंगला नियम लागतो. चार्जर बरोबर त्या जागेवर पट्ट्याने बांधून बसायचं, जरा हलला की संपर्क तुटतो. मी मालिका बघताना करते. ज्याला मोबाईल चार्ज करायचीही आठवण राहत नाही त्याने बिनचार्जिंगचं घ्यावं असं माझं प्रामाणिक मत. एमआरआय कोणत्या अटींवर चालतो हे त्या त्या मॉडेलचं नाव घेऊन विचारा. आणि कंपनीचा प्रोग्रॅम करणारा माणूस नाशिकला येतो का, तेही. माझ्या बाबतीत ऑपरेशननंतर तोच महत्त्वाचा ठरला.

अजून एक. डबी कुठे बसवायची ते ऑपरेशनआधी उभं राहून, बसून, नेहमीच्या कपड्यांत ठरवून घ्या, पेनाने खूण करून. मी साडी नेसून गेले होते, तर डॉक्टरांनी ठरवलेली जागा बरोबर परकराच्या नाडीखाली येत होती. रोज घासलं असतं. खूण दोन बोटं खाली घेतली. तुमच्या मिस्टरांचा पट्टा, मागच्या खिशातलं पाकीट आणि झोपायची कूस, तिन्ही बघा.

टीपीए_पीडित
विमा: ट्रायल आणि कायमचं यंत्र या दोन वेगळ्या ॲडमिशन धरतात, दोन्हींची पूर्वमंजुरी वेगळी. आमच्या कंपनीने ट्रायल मंजूर केली आणि यंत्राच्या वेळी "हे उपचारात बसत नाही" म्हणून अडवलं. ट्रायलआधीच दोन्हींचं अंदाजपत्रक एकत्र पाठवा आणि ईमेलवर उत्तर घ्या, फोनवरचं तोंडी "होऊन जाईल" काही कामाचं नाही. विमा नियामकाने आधुनिक उपचारांची यादी केलीय, त्यात डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं (मेंदूत बसवायच्या तशाच यंत्राचं) नाव आहे, मणक्याच्या स्टिम्युलेटरचं नाही. म्हणून पॉलिसीतल्या इम्प्लांटच्या आणि उपमर्यादेच्या ओळी शब्दन् शब्द वाचा. जुन्या ऑपरेशनांची कागदपत्रं, केलेल्या उपचारांची तारखांसह यादी आणि डॉक्टरांचं "दुसरा पर्याय उरला नाही" असं पत्र जोडा. एजंट सोडा, थेट कंपनीला लिहा.

हातगुण
मी फिजिओ. एकच, पण फार महत्त्वाचं. यंत्र बसल्यावर डायथर्मीचा (विद्युतलहरींच्या मशीनचा) शेक आयुष्यात कधीही घ्यायचा नाही, शरीरावर कुठेही नाही. खांदा धरला म्हणून खांद्यालासुद्धा नाही. ती ऊर्जा तारेत शिरून टोकाशी उष्णता होते आणि मज्जारज्जूला इजा होऊ शकते. आपल्याकडे गल्लीतल्या क्लिनिकमध्ये पेशंट आला की न विचारता मशीन लावतात. यंत्राचं ओळखपत्र मिळतं, ते कार्ड पाकिटात ठेवा आणि कॉटवर आडवं होण्याआधी स्वतः तोंडाने सांगा. दुसरं कुठलंही ऑपरेशन ठरलं तरी आधी सांगायचं, रक्त थांबवायच्या कॉटरीचा प्रश्न येतो. विमानतळावर कार्ड दाखवून हाताने तपासणी मागायची.

गोदाकाठ
कार्डाच्या झेरॉक्स सगळ्यांच्या पाकिटात घालते. शेवटचा प्रश्न, हसू नका. सगळं जमलं तर कायमचं यंत्र श्रावणात बसेल. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि मूर्ती दरवर्षी हाच डोक्यावरून आणतो. ऐकणार नाहीये.

कोल्हापुरी_साज
यंदा टोपी मुलाच्या डोक्यावर घाला, मूर्ती त्याला आणू दे. तारा आत घट्ट व्हायला सहा ते आठ आठवडे जातात, तोवर दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही आणि जमिनीवरून तर नाहीच. मखर बांधणं, माळा टांगायला स्टुलावर चढणं बंद. पूजेला पाटाऐवजी खुर्ची, मूर्ती टेबलावर. आरतीला उभं राहू दे, ताट हलकं द्या. नमस्कार उभ्याने.

बधिरीकरण
आणि क्लोपिडोग्रेल पुन्हा कधी सुरू करायची ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. सणाच्या गडबडीत तीच राहते.